विल्फच्या जादूगाराचे डोळे

१

रविवारी सकाळी दहाला पाच कमी असताना थेल्मा रॅगनं अशी किंकाळी फोडली की इंग्लंडमधल्या बीस्टन गावच्या चॅपेलमागच्या हॉलमधले बारा सेनापती हातातला चहा सांडून उभे राहिले.

सेनापती म्हणजे आपले नेहमीचेच. गुडघे दुखणारे, दोनदोन चष्मे बाळगणारे, बायकोला ‘जरा दुकानात जाऊन येतो’ सांगून पाच तास गायब होणारे. दर गुरुवारी दुपारी ते इथं जमायचे, बोटभर उंचीचे राक्षस, बुटके आणि भुतं टेबलावर मांडायचे आणि फासे टाकून एकमेकांची राज्यं बुडवायचे. उरलेला आठवडा हेच शिपाई रंगवण्यात जायचा. बाहेरच्या कुणी त्यांना बाहुल्या म्हटलं तर त्या माणसाशी बोलणं बंद व्हायचं. डगी पेवरेलचं स्वतःच्या मेव्हण्याशी सात वर्षं बंद होतं.

“कुणी मेलं का?” डगीनं विचारलं. डगी बस चालवायचा आणि एका शनिवार-रविवारात शंभर शिपाई रंगवायचा. ते दिसायचेही तसेच.

“त्याहून वाईट,” थेल्मा म्हणाली. “विल्फच्या जादूगाराला कुणीतरी डोळे रंगवलेत.”

हॉलमध्ये कुणीतरी ‘अरे देवा’ म्हटलं. 

विल्फ अ‍ॅस्क्यू फेब्रुवारीत गेला. सलग नऊ वर्षं क्लबचा रंगकामाचा कप त्याच्या घरी गेला होता. जाताना तो एक जादूगार अर्धवट ठेवून गेला. निळा झगा, झग्यावर चांदण्या, दाढीचा एकेक केस वेगळा, हातात काठी. सगळं झालेलं, फक्त डोळे राहिलेले. विल्फची बायको बेरिल तो जादूगार काडेपेटीत कापूस घालून स्वतः घेऊन आली होती. “आहे तसा ठेवा,” ती म्हणाली होती. “कुणी हात लावू नका.” दारापर्यंत जाऊन परत वळून तिनं तेच पुन्हा सांगितलं होतं.

आज तीन वाजता बेरिल येणार होती. कपाला विल्फचं नाव द्यायचं होतं आणि जादूगाराच्या कपाटावरचा पडदा बेरिलच्या हातून काढायचा होता. लिंबाचा केकसुद्धा आला होता.

“आपले नियम सगळ्यांना पाठ आहेत,” थेल्मा म्हणाली. ती आयुष्यभर शाळेच्या भोजनगृहाची मुख्य होती. चारशे पोरं ती हातातल्या एका वाढायच्या डावानं गप्प करायची. “दुसऱ्याच्या शिपायाला ब्रश लावला तर कायमचा बाहेर.”

सव्वीस वर्षांत हे कलम एकदाच लागू झालं होतं. एकानं निव्वळ प्रेमापोटी मित्राच्या राक्षसाला मिशा काढल्या होत्या. त्या माणसाचं नावही आता कुणी घेत नव्हतं.

“आणि हे तर मेलेल्या माणसाचं काम!” थेल्मानं हॉलभर नजर फिरवली. “क्लिफर्ड, हे तू शोधायचंस. तू विमा कंपनीत तपासनीस होतास ना?”

“एकतीस वर्षं,” क्लिफर्ड स्केलहॉर्न म्हणाला. “पण ते गळके नळ आणि जळलेली स्वयंपाकघरं...”

“तेच ते. तीनच्या आत मला नाव पाहिजे. नाहीतर सगळ्यांचे ब्रश जप्त.”

क्लिफर्डनं मान हलवली. बोलण्याची सोय नव्हती. कारण त्या जादूगाराला डोळे त्यानंच रंगवले होते. गुरुवारी. स्वतःच्या हातानं.

पण आता काचेतून त्याच्याकडे बघत होते, ते डोळे त्यानं रंगवलेले नव्हते.

२

त्याचं झालं होतं असं. गुरुवारी आवरून बंद करायची पाळी क्लिफर्डची होती. कपाटाची चावी बिस्किटांच्या डब्यात असायची, हे गुपित फक्त क्लबच्या सगळ्या सभासदांना ठाऊक होतं. एकदा जवळून बघू, एवढंच त्याच्या मनात होतं. जवळून बघताना जादूगार त्याच्या हातात आला. हातातून खिशात गेला. आणि खिशातून थेट क्लिफर्डच्या स्वयंपाकाच्या टेबलावर उभा राहिला.

नऊ वर्षं क्लिफर्डचा नंबर दुसरा आला होता. दर वर्षी त्यानं विल्फशी हसून हात मिळवला होता आणि घरी येऊन बागेतलं गवत नको तितकं कापलं होतं. त्या रिकाम्या डोळ्यांच्या खाचा बघून त्याला वाटलं, हे दोन ठिपके मला जमले, तर मी त्याच्या तोडीचा. निदान मला तरी ते कळेल.

त्यानं ब्रशला जिभेनं टोक काढलं आणि सुरुवात केली. डावा डोळा बरा झाला. उजवा जरा खाली गेला. मग उजव्याशी जुळावा म्हणून त्यानं डावा खाली घेतला, डाव्याशी जुळावा म्हणून उजवा मोठा केला, आणि अर्ध्या तासात विल्फच्या त्या ज्ञानी म्हाताऱ्याचा चेहरा तापल्या तव्यावर बसल्यासारखा झाला. पुसायला जावं तर चेहऱ्याचा रंग निघेल. शुक्रवारी सकाळी हॉल उघडल्याउघडल्या त्यानं जादूगार परत नेऊन ठेवला. भिंतीकडे तोंड करून.

तेव्हापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

आणि आता हे. कुणीतरी त्याचे डोळे काढून टाकले होते आणि त्या जागी असे डोळे बसवले होते की जादूगार शांतपणे, थोडासा डावीकडे बघत उभा होता. कुणीही ‘विल्फचं काम’ म्हणून मान्य केलं असतं. म्हणजे त्या माणसानं क्लिफर्डचं काम बघितलं होतं. दुसरा गुन्हेगार शोधता शोधता आपल्याला ओळखणारा साक्षीदार सापडणार होता, आणि शोधायचा मक्ताही आपल्याकडेच होता.

त्यानं डगीला स्वयंपाकघरात बोलावलं. डगी हातात बेकन घातलेला पाव घेऊनच आला.

“डगी,” क्लिफर्ड जमेल तेवढ्या जड आवाजात म्हणाला, “गेल्या तीन दिवसांत तू त्या कपाटाजवळ...”

“मीच केलं!” डगीनं पाव खाली ठेवला. डगीनं खाणं मधेच सोडल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. “मला दोन दिवस झोप नाही रे. त्याची काठी माझ्या हातून मोडली.”

“काठी?”

“शुक्रवारी. ड्युटीवर जाता जाता आलो होतो. माझ्या बुटक्यांना नशीब लागावं म्हणून जादूगाराला नुसता हात लावायला. बघतो तर तो भिंतीकडे तोंड करून उभा! म्हटलं, विल्फ आपल्यावर रुसला की काय. वळवायला गेलो आणि काठी कट्. डिंक होता खिशात, तो झटपट चिकटणारा. काठी चिकटली मस्त. पण माझं बोटही चिकटलं.”

“कशाला?”

“जादूगाराला! निघेना. घड्याळात बघतो तर बस सुटायला चार मिनिटं. मग काय करतो? तसाच गेलो.”

“तू जादूगार बोटाला लावून बस चालवलीस?”

“बीस्टन ते नॉटिंगहॅम, दोन खेपा. मोजा घालतो तसा त्याच्यावर तिकिटाचा कागद गुंडाळला होता, पण वळणावर तो निघायचा. एक बाई म्हणाली, ड्रायव्हरसाहेब, तुमच्या बोटावर कुणीतरी उभं आहे. मी म्हटलं, आमचे नवीन निरीक्षक आहेत. शेवटी डेपोत गरम पाणी आणि साबण. संध्याकाळी आणून ठेवला परत.” डगीनं डोळे पुसले. “मला काढणार ना रे क्लबातून? माझं दुसरं आहे कोण? मेव्हण्याशी तर बोलत नाही मी.”

“काठीचं नंतर बघू. डोळ्यांचं सांग.”

“डोळे होते की तेव्हाच.”

क्लिफर्डनं दार लोटून घेतलं. “कसे होते?”

“कसे म्हणजे? काय सांगू तुला! एक डोळा नॉटिंगहॅमकडे, एक बरोब्बर उलटा, डर्बीकडे. दोन्ही खेपा तो माझ्याकडे असाच बघत होता. आमच्या आजोबांचं ऑपरेशन चुकलं होतं, अगदी तसा.” डगीनं पाव पुन्हा उचलला. “ज्यानं कुणी ते रंगवले ना क्लिफर्ड, त्याला मी ओळखत नाही, पण त्याच्या हातात ब्रश देणाऱ्याला तुरुंगात टाकलं पाहिजे.”

“लिहून घेतो,” क्लिफर्ड म्हणाला.

३

आता एक गोष्ट पक्की होती. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत वेडे डोळे जागेवर होते. त्यानंतर कुणीतरी ते बदलले. आणि असे डोळे रंगवू शकेल असा क्लबात एकच माणूस होता.

रुपिंदर संधूचं हाय रोडवर चष्म्याचं दुकान होतं. रंगवताना तो डोक्याला दुकानातलंच भिंग बांधायचा, त्यामुळे त्याच्याशी बोलताना आपल्याला समोर एक मोठा डोळा आणि एक साधा डोळा दिसायचा. गेल्या वर्षी कपात तो तिसरा आला होता.

“रुप,” क्लिफर्ड म्हणाला, “सरळ विचारतो. हे काम तुझं आहे का?”

रुपनं कपाटाकडे बघितलंही नाही. “मी रंगवलेले डोळे लांबून ओळखू येतात. बुबुळावर पांढरा टिपका असतो, उजेड पडल्यासारखा. प्रत्येकाला. माझ्या प्रेतांनासुद्धा. थेल्मा त्यावर किती बोलली होती आठवतंय ना? ह्या जादूगाराला टिपका आहे का?”

नव्हता.

“शिवाय मी काल सकाळी अकराला इथं दिवे लावत होतो,” रुप म्हणाला. “तेव्हा त्याला वेगळे डोळे होते. मी ते भिंगाखाली बघितले. चांगली पाच मिनिटं.”

“आणि गप्प बसलास?”

“बसलो. त्याची लाज वाटतेय मला. पण मला ते डोळे फार मनोरंजक वाटले.” रुपनं भिंग कपाळावर सरकवलं. “हात चांगला होता माणसाचा. रेघ बारीक, सवयीची. बीस्टनमध्ये असा हात तिघाचौघांचा असेल. पण उजवीकडे गेलं की ब्रश दर वेळी केसभर खाली टेकत होता. एकदा नाही, चारचारदा, रंगावर रंग. त्याला अंतराचा अंदाजच येत नव्हता. असं कधी होतं माहितीये? एका डोळ्यात मोतीबिंदू धरत असला की. आणि माणूस ते मान्य करत नसला की.”

स्वयंपाकघरात किटली शिट्टी मारायला लागली. क्लिफर्डला ती बंद करायचं सुचलं नाही.

“असे बरेच असतील,” तो म्हणाला.

“असतील की. पण एक जण मार्चमध्ये माझ्या दुकानात आला होता. मी त्याला म्हटलं, उजव्या डोळ्याचं काहीतरी करायला हवं. तो म्हणाला, तुझं यंत्र बिघडलंय.” रुपनं शांतपणे आत जाऊन किटली उतरवली. “दुकानात येणाऱ्या माणसाची गोष्ट मी बाहेर बोलत नाही. थेल्मानं विचारलं तरी नाही. चहात साखर एकच ना, क्लिफर्ड?”

४

क्लिफर्डनं चहा घेतला. म्हणजे घेतला असं त्याला वाटलं. दुसऱ्या घोटाला कळलं की आपण डगीचा ब्रश धुतलेला कप तोंडाला लावलाय. बुटक्यांच्या दाढीचा भगवा रंग. आज आपल्या लायकीला हेच पेय योग्य आहे, असं म्हणून त्यानं तिसरा घोटही जवळजवळ घेतला.

मग तो कपाटासमोर बसला. शरमेनं डोकं चालत नव्हतं, पण एकतीस वर्षांची सवय आपोआप चालू झाली. जळलेल्या स्वयंपाकघरात गेल्यावर तो आधी कुणाचं काही ऐकायचा नाही. भिंत बघायचा.

त्यानं रुपचं भिंग लावून जादूगार हातात घेतला आणि डाव्या डोळ्यानं बघितलं.

पहिली गोष्ट, बुबुळं अगदी गोल होती. ब्रशनं ठिपका दिला की त्याला कुठंतरी बारीक शेपूट राहतं, कितीही मोठा कलाकार असो. इथं शेपूट नव्हतं. हे ठिपके ब्रशचे नव्हतेच. रंगात बुडवलेल्या टाचणीचे होते.

दुसरी गोष्ट, वास. दाढीच्या आसपास नखांचा रंग पुसायच्या औषधाचा वास अजून होता. क्लबातला एकही माणूस त्या बाटलीला हात लावत नाही. त्यानं प्लॅस्टिकचे शिपाई विरघळतात. ह्याच हॉलमध्ये एकदा चाळीस घोडेस्वारांचा मुरंबा झाला होता आणि त्यांचा मालक दोन आठवडे कामावर गेला नव्हता. पण विल्फचे शिपाई जुने, धातूचे. त्यांना काही होत नाही. म्हणजे पुसणाऱ्याला विल्फच्या शिपायांची माहिती होती, पण क्लबातली भीती नव्हती.

तिसरी गोष्ट बघायला तो उठला. मागच्या कपाटात विल्फची सगळी फौज उभी होती, तीनशे बारा शिपाई. त्यानं एक बाहेर काढला. गोल बुबुळ. दुसरा काढला. गोल. मग एक धनुर्धारी, एक राक्षस, एक घाबरलेला कोंबडीचोर. सगळ्यांची बुबुळं गोल, वरच्या पापणीला टेकलेली, नजर किंचित डावीकडे. पांढरं जे होतं ते पांढरं नव्हतं, लोण्याच्या रंगाचं होतं. जादूगारासारखंच.

तो खुर्चीत मागे टेकला.

हा हात विल्फचाच, ह्याबद्दल शंका नव्हती. पण विल्फ फेब्रुवारीतच गेला होता. तेव्हा दोनच शक्यता उरत होत्या. एक, शनिवारी विल्फ स्वतः येऊन डोळे रंगवून गेला. असल्या सबबी विम्याच्या अर्जावर क्लिफर्डनं पूर्वी पुष्कळ वाचल्या होत्या आणि एकही मंजूर केली नव्हती. दुसरी शक्यता सोपी होती. हा हात विल्फचा नव्हताच. कधीच नव्हता.

मग आपोआप एकेक आठवायला लागलं. गेली आठदहा वर्षं विल्फच्या हातात कप आला की बशी वाजायची. फासे टाकायला त्याला दोन्ही हात लागायचे. तरी सगळे म्हणायचे, ब्रश धरला की म्हातारा कसा स्थिर होतो बघा. पण ब्रश धरलेला त्याला बघितलं कुणी होतं? झगे, ढाली, तो इथं रंगवायचा, मनगट टेबलावर दाबून. डोळ्यांची वेळ आली की शिपाई काडेपेटीत घालून म्हणायचा, “डोळे घरी करतो. त्याला शांतता लागते.” आणि पुढच्या गुरुवारी डोळे आलेले असायचे.

“थेल्मा,” त्यानं हाक मारली, “काल दुपारी हॉल कुणाकडे होता?”

“चॅपेलच्या चहा कमिटीकडे. आजचे कप धुतले, टेबलक्लॉथ इस्त्री करून टाकले. एडना, जॉयसी आणि बेरिल.” थेल्मा थांबली. “का रे? एडनाचा काही संबंध आहे का? मला ती बाई पहिल्यापासूनच...”

“नाही, नाही. एडनाचा नाही.”

“मग नाव सांग. सव्वादोन वाजले.”

क्लिफर्डनं तोंड उघडलं. खरं नाव सांगावं, तर विल्फचे नऊ कप, आजचा समारंभ, केक, सगळं पाण्यात. विल्फ लबाड ठरणार, मेल्यावर. न सांगावं, तर तीन वाजता थेल्मा सगळ्यांचे ब्रश जप्त करणार. आणि मुळात हे सगळं ज्याच्यामुळे झालं, तो माणूस तपासनीस म्हणून छाती काढून उभा होता.

तेवढ्यात दार उघडलं. बेरिल अ‍ॅस्क्यू पाऊण तास आधीच आली होती.

५

बेरिल शहात्तर वर्षांची होती. आयुष्यभर तिनं लोकांचे कपडे बेतून दिले होते, त्यामुळे कुणाकडेही ती आधी खांद्यापासून खाली बघायची आणि मग चेहऱ्याकडे. क्लिफर्डनं तिला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावून घेतलं.

“बेरिल, तुमच्याशी जरा...”

“तोंडाला काय लागलंय तुझ्या? भगवं?”

“रंग आहे. चुकून प्यायलो.”

“विल्फ महिन्यातून एकदा प्यायचा,” ती म्हणाली आणि बसली. “बोल.”

“काल ते डोळे तुम्ही केलेत.”

ती हातमोजे काढून एकावर एक ठेवत राहिली.

“सगळेच तुम्ही केलेत,” क्लिफर्ड म्हणाला. “तीनशे बारा.”

“आधीचे त्याचे स्वतःचे होते, तरुणपणचे. ते विकून टाकले आम्ही. हात कापायला लागल्यापासूनचे माझे.” ती हसली नाही. “मला ह्या खेळातलं काडीचं कळत नाही. कोण राक्षस, कोण राजा, मला काय! तो संध्याकाळी आणून समोर ठेवायचा, मी टाचणीनं दोन ठिपके द्यायचे. मग तो म्हणायचा, बघ, उठला. ठरलेलं होतं ते. कप आला की तो लाजायचा, मी म्हणायचे, घे रे, स्वयंपाकघरात डाव-पळ्या ठेवायला बरा पडतो. मला नाव नको होतं. तुझ्या डोक्यात आत्ता तोच घोळ चाललाय ना?”

“हो.”

“मग तो सोड. आता मी विचारते. ते आधीचे डोळे कुणी रंगवले होते?”

क्लिफर्ड तपासनीस म्हणून पुष्कळ खोटं बोलणाऱ्या लोकांसमोर बसला होता. ते कुठं बघतात, हे त्याला माहीत होतं. तो तिथंच, नळाकडे बघत होता.

“मी,” तो म्हणाला.

“वाटलंच. डगीचे एवढेही बरे आले नसते.” मग तिचा आवाज बदलला. “मी तुम्हाला सांगितलं होतं, हात लावू नका म्हणून. दोनदा सांगितलं होतं. तुला काय वाटलं, तो अर्धवट राहिला म्हणून मला वाईट वाटत असेल?”

क्लिफर्डनं नळावरची नजर काढली.

“फेब्रुवारीत त्यानं तो माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, उद्या कर गं. दुसऱ्या दिवशी दवाखाना. तो गेल्यावर मी टाचणी घेऊन कितीतरी वेळा बसले. आणि मुद्दाम केले नाहीत. डोळे दिले की झालं ना रे. मग टेबलावर काही उरत नाही. एवढा एक राहू दे, असं म्हटलं होतं मी.” तिनं हातमोजे पुन्हा उलटे ठेवले. “काल चहाचे कप ठेवायला गेले आणि बघते तर माझ्या नवऱ्याचा शेवटचा माणूस वेड्यासारखा बघतोय. तसा कसा ठेवणार? विल्फनं सांगितलेली बिस्किटांच्या डब्यातली चावी काढली, एडनाकडून नखांचं औषध घेतलं, तिला सांगितलं ब्लाउजवर डाग पडलाय. टाचणीच्या टोकानं तेवढंच पुसलं आणि केले. दोन मिनिटं लागली. संपलं.”

गेले दोन दिवस क्लिफर्ड एका नियमाला, थेल्माला आणि स्वतःच्या अब्रूला घाबरत होता. आपण नक्की काय केलंय हे त्याला आत्ता, ह्या खुर्चीत बसून कळलं. माफी मागायला त्यानं तोंड उघडलं, पण जे शब्द आले ते फारच लहान होते, म्हणून त्यानं ते परत गिळले.

“बाहेर काय सांगणारेस?” बेरिलनं विचारलं.

“मी रंगवले, असं.”

“ते अर्धंच खरं आहे.”

“उरलेलं अर्धं सांगायचं नाहीये.”

बेरिल त्याच्याकडे खांद्यापासून खाली बघत राहिली. “बरं,” ती म्हणाली. “तोंड पूस आधी.”

तीन वाजता हॉल गच्च भरला. थेल्मानं डाव हातात असल्यासारखा हात वर केला. “क्लिफर्ड, नाव.”

“क्लिफर्ड स्केलहॉर्न,” क्लिफर्ड म्हणाला. “गुरुवारी मी जादूगार घरी नेला आणि त्याला डोळे रंगवले. बेरिलनं दोनदा बजावलं होतं, तरी. का, तर मला बघायचं होतं की मला जमतं का. सबब काही नाही. मला काढून टाका.”

तो मान खाली घालून वाट बघत राहिला. शिव्या येतील, निदान कुणीतरी खुर्ची सरकवेल. शेवटी त्यानं वर बघितलं, तर अख्खा क्लब पडदा बाजूला सारून काचेला नाकं लावून उभा होता.

“हे तू केलंस?” कुणीतरी म्हणालं. “नऊ वर्षं हे कुठं लपवून ठेवलं होतंस?”

“अरे, हुबेहूब विल्फ!”

“बुबुळ बघ बुबुळ! कोणता ब्रश रे? शून्य नंबर?”

“मग ते डर्बीकडे बघणारे कुणाचे होते?” डगीनं विचारलं.

“तेही माझेच,” क्लिफर्ड म्हणाला. “पहिल्या खेपेचे.”

“आणि दुसऱ्या खेपेला हे? एका दिवसात?” डगीनं त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा घसरला. “तुला तुरुंगात टाका म्हटलं होतं ते मी परत घेतो, राजा!”

रुप छताकडे बघत खोकला. खोकला बराच लांबला.

मग टाळ्या सुरू झाल्या. ह्याच टाळ्यांसाठी क्लिफर्ड नऊ वर्षं आतून जळत आला होता. आता त्या कानांवर पडत होत्या आणि जमीन फाटून आत जाता आलं तर बरं, असं त्याला वाटत होतं. आपण विल्फच्या जागेवर उभे आहोत, अगदी नेमक्या त्याच जागेवर, हे त्याच्या ध्यानात आलं. विल्फ का लाजायचा तेही आलं.

“गप्प!” थेल्मा ओरडली. टाळ्या थांबल्या. “काम चांगलं म्हणून गुन्हा माफ होत नाही. नियम म्हणजे नियम. पण जादूगार बेरिलचा होता, तेव्हा निकाल तिनं द्यायचा. बेरिल, काढू ह्याला?”

बेरिल केकसमोर बसली होती. तिनं सुरी खाली ठेवली.

“काढू नका,” ती म्हणाली. “काढलात तर घरी जाऊन आरामात बसेल. विल्फच्या ड्रॉवरात चौऱ्याऐंशी शिपाई पडलेत, अंगावर रंगाचा थेंब नाही. ते ह्यानं पुरे करायचे. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या डोळ्यांसमोर. आणि आधी त्याला रुपच्या दुकानात न्या कुणीतरी.”

क्लबानं ह्या शिक्षेचं एकमतानं स्वागत केलं आणि मग केकवर झडप घातली. कपाला विल्फचं नाव दिलं गेलं. डगीनं भाषण केलं आणि त्यात चुकून काठीचंही सांगून टाकलं, पण सगळ्यांच्या तोंडात केक असल्यामुळे कुणी दखल घेतली नाही.

हॉल रिकामा झाल्यावर क्लिफर्ड बेरिलला कोट द्यायला गेला.

“मंगळवारी ये,” ती म्हणाली. “कपडे, चिलखतं, दाढ्या तू करायच्या. बाकीचं मी बघते. बाहेर काय सांगायचं ते तुझं तू ठरव, मला पुन्हा विचारू नकोस.”

“चौऱ्याऐंशी,” क्लिफर्ड म्हणाला. “जोर लावला तर नाताळपर्यंत...”

“जोर लावायचा नाही.” तिनं कोटाच्या बाहीत हात घातला. “डगीसारखं तर मुळीच करायचं नाही. वर्षाला चार झाले तरी भरपूर.”

क्लिफर्डनं मनातल्या मनात भागाकार केला. एकवीस वर्षं. तेव्हा तो एकोणनव्वदचा असेल आणि बेरिल सत्त्याण्णवची. त्यानं तिच्याकडे बघितलं. तिचाही भागाकार आधीच झालेला दिसत होता.

“आणि एक सांगून ठेवते,” बेरिल कोटाचं वरचं बटण लावत म्हणाली. “मधेच मरायचं नाही. ते मी आता पुन्हा चालवून घेणार नाही.”